दुसरा साक्षीदार

ता. ५ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझं घड्याळांचं दुकान ठीक असेल. इकडे माझं शाळेतलं गणित आणि लंबूची बस, दोन्ही चालू आहेत. माझ्या आणि लंबूच्या लग्नाच्या नोंदणीची तारीख मिळाली. मंगळवार १७, सकाळी अकरा, नोंदणी कार्यालय, दुसरा मजला, खोली चार. अशा लग्नांचा कायदा होऊन दोन वर्षं झाली, तरी कारकून अर्ज उलटसुलट करत होता, नवरीचा फोटो कुठे चिकटून बसलाय की काय म्हणून. साक्षीदार दोन लागतात. एक लंबूची बहीण. दुसरा तू हवास. आशीर्वाद मागत नाही, सही मागतो. लंबू म्हणतो, दादा आले तर मी वाकून उभा राहीन, म्हणजे फोटोत तेही दिसतील.

लोभ आहेच, थोडा वाढव.
तुझा धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

मी येणार नाही. सातवीत शाळा सुटली, पण मूळ भाषा स्वतः शिकून धर्मग्रंथ मी तीनदा वाचला आहे. त्यात विवाह स्त्री-पुरुषाचा आहे. सरकारला कागद देता येतो, पावित्र्य नाही. तू कागद घे, मी भांडत नाही. पण माझी सही म्हणजे माझा शब्द.

परवा प्रार्थनागृहाच्या सभेत तुमचाच विषय होता. धाकटे गुरुजी म्हणाले, सरकारी नोंद म्हणजे धर्मविधी नव्हे, तिला आडवं येऊ नये. त्यांना खाली बसवलं. मग प्रमुखांनी ठोकून दिलं, की नोंदणी गुरुवारी दहाला, तळमजल्यावर. चुकीची वेळ मला ऐकवत नाही. उभा राहून दुरुस्ती केली: मंगळवार, अकरा, दुसरा मजला, खोली चार. प्रमुखांनी लिहून घेतलं, आभारही मानले.

लंबूला सांग, माझी उंची पाच फूट साडेपाच इंच आहे. वाकायचं कारण नाही.

राग नसावा.
दादा

ता. २१ मार्च

दादा,

नमस्कार लिहीत नाही. तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं. आम्ही वाचून हसलो, दादा ते दादाच म्हणून.

अकराला पाच मिनिटं असताना सहाजण जिना चढून आले. कुणाला काही न विचारता थेट खोली चार. हातात प्रार्थनागृहाच्या कुंपणाचे गज. लंबूने मला आणि बहिणीला टेबलाखाली ढकललं, दार अंगाने अडवलं. पहिल्याच फटक्यात जबडा मोडला. तो कोसळला तरी मारत राहिले, आणि दर फटक्याला एकजण देवाचं नाव घेत होता. रजिस्टरावर त्याचे दात पडले. साक्षीला आलेला शाळेचा शिपाई पळाला, आता येत नाही म्हणतो.

उजवा डोळा गेला. डाव्याचं डॉक्टर बहिणीला सांगतात, मला नाही. कागदोपत्री मी त्याचा कुणीच नाही. दाराबाहेर बसतो.

ता. ३० मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद लिहायचा हक्क उरलेला नाही. अक्षर डाव्या हाताचं आहे, सांभाळून घे.

प्रमुखांकडे जाऊन जाब विचारला. म्हणाले, देवाने हात आमचे वापरले, जीभ तुझी. मारायला सांगितलंय ते पान दाखवा, म्हटलं. पान नव्हतं. तेवीस तारखेला पोलिसांना सहाही नावं दिली, सातवं माझं. पंचवीसला प्रमुखांची माणसं दुकानात आली. एकतीस घड्याळं फोडली. मग माझा उजवा पंजा टेबलावर दाबून एकेक बोट हातोडीने ठेचलं. चार गेली.

ग्रंथाबद्दलचं मत काडीइतकंही बदललेलं नाही. तुमचा विवाह मला अजून विवाह वाटत नाही. पण लंबूच्या उशाशी कोण बसणार, हे ठरवायला ग्रंथ लागत नाही. साक्षीदार हवा असेल तर येतो. डाव्या हाताची सही जुळायची नाही. अंगठा चालतो का, कारकुनाला विचार. जन्मात कधी अंगठा उठवलेला नाही.

दादा

ता. ४ एप्रिल

दादा,

अंगठा चालतो. कारकून रजिस्टर घेऊन रुग्णालयातच येतो म्हणाला. लंबूचा डावा डोळा वाचला. जबडा तारेने बांधलाय, पाटीवर लिहून बोलतो. तुझं पत्र त्याला दाखवणार नव्हतो, पण त्याने पाकीट पाहिलं. वाचून झाल्यावर पाटीवर लिहिलं, बोलव. मी मानेनेच नाही म्हटलं. त्याने पाटी पुसली आणि तेच पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरात.

सोमवारी दहाला ये. मी तुझ्याशी बोलणार नाही. खुर्ची ठेवतो.

धाकटा