भाताखालचा तुकडा

प्रिय आत्याबाई,

आज दुपारी जेवताना माझ्या भाताखाली मासोळीचा तुकडा निघाला.

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली. मग हा ठेवला कोणी? मी चटकन चुलीकडे पाहिलं. वाटलं, तुम्ही तिथे पदर खोचून उभ्या असाल आणि डोळ्यांनीच दटावत असाल, गुपचूप खा म्हणून. तुम्ही कुठल्या असायला! प्रणाली होती, तुमची नात. माझ्याकडे न बघता भांडी आवरत होती.

मी तो तुकडा वाटीत काढला, झाकून ठेवला आणि पानावरून उठले. तो अजून तिथेच आहे. म्हणून हे पत्र लिहितेय. सासूच्या नावानं सोडलेलं परत धरावं की नाही, हे सासूला नाही तर कोणाला विचारू?

तुम्हाला आठवतं का, मी या घरात आले तेव्हा मला मासोळी धड खाताही येत नव्हती. मी धानोऱ्याकडची, जंगलातली. माहेरी पावसाळ्यात नाल्याला सापडतील त्या बोटभर मासोळ्या, काट्यांसकट चावून खायच्या. आणि इथे तलावातली हातभर रोहू! पहिल्याच आठवड्यात घशात काटा अडकला. सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत. कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावलात, आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारी बसवून बोटांनी काटा कसा चाचपायचा ते शिकवलंत.

आपल्याकडे पुरुष आधी जेवायचे. पहाटेपासून तलावात जाळं ओढून आलेले असायचे, म्हणून तुकडे त्यांना आणि रस्सा आपल्याला. ही रीत तुम्ही कधी मोडली नाहीत, तिच्यावरून कोणाशी भांडलाही नाहीत. फक्त माझ्या ताटात भाताखाली एक तुकडा असायचा. वरून रस्सा ओतलेला, कोणाला दिसायचं नाही. पहिल्यांदा सापडला तेव्हा मी बावळटासारखी सगळ्यांसमोर विचारायला निघाले, तर तुम्ही मांडीला असा चिमटा काढलात की डोळ्यांत पाणी आलं. मग विहिरीवर एकट्या असताना म्हणालात, "खाय वो पोरी. जाळं ओढणाऱ्याले भूक लागते, मंग चिखलात धानाचा रोवणा करणारीले नाई लागत का?"

आणि तुमच्या स्वतःच्या भाताखाली काय असायचं, आत्याबाई? हे विचारायचं राहूनच गेलं.

तुमच्या तेरवीला ज्यानं त्यानं तुमच्या नावानं काहीतरी सोडायचं ठरलं. तुमच्या लेकानं तंबाखूचा खर्रा सोडला. सगळ्या सोयऱ्यांसमोर, ढसाढसा रडत सोडला. काही दिवसांतच गोठ्यामागे खर्रा घोटताना सापडले! तुम्हाला याचं काही नवल वाटणार नाही म्हणा. मी मात्र मासोळी सोडली. तुमच्या जिवाची आवड होती ती. जे तुमच्या हातून शिकले, ते तुमच्यामागे एकटीनं काय खायचं, असं वाटलं.

आपण नक्की काय सोडलं, हे तेव्हा लक्षात आलं नाही. मासोळी गेली तसा तिचा रस्सा गेला, सुके झिंगेही गेले. कोंबडं आपल्याकडे सणावारीच. मग रोज सगळ्यांसाठी मासोळी रांधायची आणि आपण पातळ वरण नाहीतर मिरचीच्या ठेच्यावर भात खाऊन उठायचं. त्यावर कपभर कोरा चहा. चहानं भूक मरते, बरं वाटतं. मधे घागर आणताना धाप लागायला लागली, नखं पांढरी पडली. ते सगळं मी वयावर घातलं.

यंदा रोवणं चालू असताना चक्कर येऊन शेताच्या बांधीत पडले. हातात लावायला घेतलेले धानाचे परे आणि तोंड चिखलात! बायकांनी उचलून कडेच्या धुऱ्यावर बसवलं. प्रणाली घाबरून रडायला लागली, तेव्हा मीही घाबरले.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. अंगात रक्त फार कमी आहे म्हणाली. आपल्याकडे सिकलसेलचा आजार असतो, म्हणून आधी त्याची तपासणी केली. सुदैवानं तो निघाला नाही. मग तिनं विचारलं, रोज खाता काय? मी खरं ते सांगितलं. घरचे काय करतात? तलावातली मासोळी धरतात, म्हटलं. ती लिहिता लिहिता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. खाण्यातून लोहच जात नाही, म्हणाली. लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या काही महिने घ्यायच्या आणि त्यांच्या आगेमागे चहा घ्यायचा नाही. गोळ्यांनी आजची झीज भरून निघेल, पण रोजच्या ताटाचं काय ते तुम्हीच बघा, असंही बजावलं.

तेव्हापासून त्या गोळ्या मिठाच्या बरणीशेजारी पडून आहेत. का घेतल्या नाहीत? राग मानू नका, पण तुमच्यामुळेच. तुम्हालाही एकदा अशाच गोळ्या दिल्या होत्या. तुम्ही सकाळी उपाशीपोटी कोऱ्या चहाबरोबर घ्यायच्या आणि दिवसभर मळमळतं म्हणून कपाळ धरून बसायच्या. शेवटी उरलेल्या सगळ्या नेऊन दोडक्याच्या वेलाच्या बुडाशी पुरल्यात. वेलाला तरी ताकद येईल म्हणालात! दोडके होते तसेच पांढरट आले. मी मात्र ती गोळी म्हणजे काहीतरी भयंकर असं धरून बसले. चहाचं आणि उपाशीपोटाचं कोणी सांगितलंच नव्हतं आपल्याला.

मधेच वाटायचं, गोळ्या सुरू कराव्या, म्हणजे तुमच्या नावाचं सोडलेलं मोडायला नको. मग वाटायचं, मासोळी धरली तर गोळ्या कशाला? असं इकडून तिकडे करत मी दोन्ही लांबवत राहिले. आणि खरी भीती वेगळीच होती. गावाला काय सांगू? सासूच्या नावानं सोडलं आणि सून आजारी पडली, हे कळलं तर लोक म्हणतील, मेल्यावरही सासू छळते. तुम्हाला कोणी असं म्हटलेलं मला सोसलं नसतं, आत्याबाई. तुम्ही मला कधी उपाशी उठू दिलं नाहीत.

आज मी वाटी झाकून ठेवली आणि प्रणाली माझ्यासमोर येऊन बसली. आवाज न चढवता म्हणाली, "आई, आजीनं तुले काही सोडाले सांगतलं होतं का? तिनं तं तुले खाले शिकवलं."

मग तिनं सांगितलं की तिच्याही भाताखाली तुम्ही तुकडा ठेवायच्या आणि आईला सांगू नको म्हणून चिमटाही काढायच्या. इतकी वर्षं मला पत्ता लागू दिला नाहीत! मी हसले आणि मग हसता हसता रडले.

एक तक्रार मात्र करणार आहे. आम्हा दोघींना असं लपवून खाऊ घातलंत, मग स्वतःच्या वेळी गोळ्या वेलाला का घातल्यात? तुम्ही तापानं गेलात, हे मला ठाऊक आहे. पण तापाच्या आधीपासूनच तुम्ही भिंत धरून चालत होतात. गोळ्या घेतल्या असत्या तर आणखी राहिल्या असत्या का, मला नाही माहीत. राहायला हव्या होत्या, एवढंच माहीत आहे.

तर आता ऐका. आजपासून जेवण झाल्यावर गोळी घेईन. मळमळलं तर दोडक्याकडे नेणार नाही, सरळ डॉक्टरणीकडे जाऊन सांगेन. मासोळी सोडली होती, ती परत धरते. तुमच्या नावानं काही सोडायचंच असेल तर जेवणावरचा कोरा चहा सोडते. तोही तुमच्या आवडीचाच होता, त्यामुळे रागावायला जागा नाही.

आणि आणखी एक. संध्याकाळी प्रणालीचं ताट तिच्या बापाबरोबरच वाढणार आहे, आणि माझंही. तुकडा भाताखाली ठेवणार नाही. भातावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवीन. पितराला तुमचं पान वाढीन, तेव्हा तुमच्याही.

आता वाटीवरचं झाकण काढते. काटा आधी चाचपून बघेन, काळजी करू नका.

तुमच्या हातची जेवलेली,
तुमची सून,
वनिता