धोटा रिकामा येत नाही

सोलापूर, मंगळवार, १९ ऑगस्ट १९७५. संध्याकाळ

आज कॉलेजात पहिल्या वर्षाला कार्निटिन हे शरीरातलं द्रव्य शिकवलं. चरबी पेशीच्या भट्टीत आपली आपण शिरत नाही. कार्निटिन तिला आत पोचवतं आणि रिकामं परत येतं. लांब पळणारा माणूस त्या चरबीच्या जोरावर पळतो. दाखला नेहमीचाच दिला, मागावर धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा. सोलापुरात चटकन कळतो.

मागच्या बाकावरची पद्मा उभी राहिली. वडील विणकर. हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेत म्हणाली, "सर, धोटा रिकामा येत नाही की. येताना पण धागा टाकतो. मग माणूस पळत असताना हे कार्निटिन परत येताना काय आणतं?"

मी म्हणालो, "परीक्षेला येत नाही, बस खाली." असं का म्हणालो?

घरी येताना साखर पेठेत एका विणकराच्या खिडकीशी सायकल थांबवून माग पाहिला. जाताना धागा, येतानाही धागा. दहा वर्षं दाखला देतोय आणि धोटा नीट पाहिला आज. आता दाखला चुकीचा, की मी शिकवतो तेच अर्धवट? पळणाऱ्याच्या पायातल्या पेशींत बाहेर काढण्यासारखं काही साठत असेलही. नसेलही. तिचा तो हात डोळ्यांपुढून हलत नाही.

पुस्तकातल्या आकृतीत बाण एकच, आत जाणारा. पेन्सिलीने परतीचा काढला. त्यावर काय लिहायचं, सुचेना. उद्या फळ्यावर तसाच काढायचा, नावाशिवाय. पद्मा विचारेलच.

की आता नाही विचारणार?