बिनतंबाखूची गुडगुडी

१८ नोव्हेंबर

नाही म्हणजे नाहीच! आज तिसऱ्यांदा भाऊंनी ते तीन चेंडूंचं यंत्र पलंगाखाली ढकललं. नळी तोंडात धरायची, श्वास आत ओढायचा, चेंडू वर उचलायचे — एवढंच तर करायचंय! पण नाही. "पोर... खेळ," म्हणाले. दोन अक्षरांमागं एक धाप. चौऱ्याऐंशी वर्षांचा बाप, पंचावन्न वर्षांची लेक, दोघंही मास्तर. कुणी कुणाला रागवायचं?

संध्याकाळी डॉक्टर शिवप्रिया घरी येऊन गेल्या. वयानं माझ्या लेकीहून, श्रियाहून, थोड्याच मोठ्या, पण बोलणं रोखठोक. न्यूमोनिया गेला, पण फुप्फुसांचा खालचा भाग अजून उघडत नाही. व्यायाम झाला नाही तर पुन्हा सोलापूरला भरती. "आणि पुढच्या वेळी परत घरी आणू, याचा शब्द मी देणार नाही" — हे मात्र त्यांनी मला दाराबाहेर नेऊन सांगितलं.

जाण्याआधी त्यांनी भाऊंना एका श्वासात आकडे मोजायला लावले. सहा झाले. निदान पंधरा हवेत म्हणे.

सहा! शाळेत एकोणतिसाचा पाढा एका दमात म्हणून दाखवणाऱ्या माणसाचे सहा. मला ते ऐकवलं नाही. चहा ठेवते म्हणून आत गेले.

१९ नोव्हेंबर

यंत्र पुन्हा पलंगाखाली. मी रडले आणि वर भाऊंवरच ओरडले.

२० नोव्हेंबर

सुचलं! सुचलं!

झालं असं. श्रिया कॉलेजातून आली आणि लिंबू सरबत नळीनं पीत बसली. ग्लासाच्या तळाशी पोचली तसं गुडगुड गुडगुड! मी दटावणार, तेवढ्यात भाऊंनी मान वळवली. दवाखान्यातून आल्यापासून हा माणूस नुसता भिंतीकडं बघत पडला होता. त्यानं मान वळवली आणि चक्क ऐकत राहिला!

गुडगुडी! हुक्का! नळी तोंडात धरायची, श्वास आत ओढायचा, पाणी वाजवायचं. यंत्रात तेच, फक्त चेंडूंऐवजी पाणी. तंबाखू नको, निखारा नको. नुसतं पाणी!

सकाळपर्यंत धीर नव्हता, म्हणून लगेच डॉक्टरांना फोन केला. आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, श्वास आत ओढणं महत्त्वाचं, कशानं का होईना. पण भांडं आतून लख्ख, नळी कोरी, पाणी रोज उकळून गार केलेलं. आणि तंबाखूचा कण जरी दिसला तर माझ्याशी गाठ आहे!

गंमत बघा कुणाच्या पदरी आली ती. आमच्या गल्लीत भाऊंना 'गुडगुडी मास्तर' म्हणायचे. रोज संध्याकाळी माजघराचं दार लोटलं जायचं आणि आतून तो आवाज. आम्हा पोरांना आत जायची सोय नव्हती. मला त्या आवाजाची मनापासून चीड. शाळेत पोरं माझ्या मागं गाल फुगवून गुडगुड करायची! १९९० साली मला बघायला पाहुणे येणार होते, तर मी सरळ सांगितलं — घरात एक तर ती राहील नाही तर मी. भाऊ उठले. फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन आले. आणि आज तीच मी गुडगुडी शोधायला निघाले! करावं तसं भरावं.

आई असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. आई जाऊन अकरा वर्षं झाली.

२१ नोव्हेंबर

फसले. पण फसण्यातच फायदा झाला!

देवळाच्या रस्त्याला गौरीशंकरशेटचं भांड्यांचं दुकान. गेले आणि म्हटलं, "हुक्का दाखवा." शेटनं आधी रस्त्याकडं बघितलं. "बाई, हळू बोला. हुक्का पार्लरवर बंदी हाय, माहिती हाय न्हवं?" मी म्हटलं, पार्लर काढत नाही, वडलांना हवाय. मग वरच्या फळीवरून एक काढला. पितळी, अंगावर मोर, मोराच्या डोळ्यात लाल खडा! मी तर हरखलेच. काही न बघता घेऊन आले. पोरांना बाजारहाटाचा धडा मी शिकवते म्हणे!

घरी पाणी भरलं, ओढलं — काही नाही. पुन्हा ओढलं. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, पाणी ढिम्म. भाऊ बघत होते. बोटानं 'इकडं आण' म्हणाले. नळीचा दांडा उपसून खिडकीकडं धरला, एक डोळा मिटला आणि आरपार बघितलं. मग मला दाखवलं. भोक दोन बोटं आत जाऊन संपलेलं! पुढं भरीव पितळ.

"शोभेची..." धाप. "शून्य... मार्क."

पण ते उठून बसले होते! कुणी हात न लावता! मी भोकापेक्षा त्यांच्याकडंच बघत राहिले.

मग कागद मागितला. तासभर लिहीत होते, मध्ये मध्ये डोळे मिटून. अक्षर थरथरलंय पण काना-मात्रा जागच्या जागी. बूड जड आणि बसकं हवं, उंच मानेची कलंडते. दांड्याचं टोक पाण्यात दोन बोटं बुडावं, जास्त बुडालं तर छाती दुखते, कमी बुडालं तर नुसती हवा येते. वरचं भोक तळव्यानं दाबून ओढून बघावं — काही आलं नाही तर भांडं पक्कं, फुस्स झालं तर कुठंतरी गळतंय. सांधा गळत असेल तर ओल्या फडक्यानं भागतं, चीर असेल तर हात जोडावेत. नारळाची घेऊ नये, लाकडी दांड्याची तर नाहीच, तंबाखूचा वास सात जन्म जात नाही.

शेवटी अधोरेखित करून — 'ओढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.'

श्रियानं मोबाईलवर काचेचा दाखवला, आत निळा दिवा लागणारा. भाऊ म्हणाले, "वरातीची... लायटिंग." श्रिया हसून लोळली. या घरात कोणी हसलं त्याला महिना झाला असेल!

२५ नोव्हेंबर

आज भूम! शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, तिथल्या आठवडी बाजारात गोरोबा म्हणून एकजण जुनी पितळी भांडी घेऊन बसतो. रजा टाकली, श्रियाला भाऊंपाशी बसवलं आणि पहाटेची एसटी धरली. धाराशिवला गाडी बदलली. येडशी मागं पडेपर्यंत भाऊंचा कागद मला तोंडपाठ झाला होता. तरी परीक्षेला निघालेल्या पोरीसारखी तो पुन्हा पुन्हा काढून बघत होते!

गोरोबा सापडला. ताडपत्रीवर समया, तांबे, घंगाळं, आणि कडेला तीन गुडगुड्या. पहिली नारळाची — नाकाशी नेली आणि लगेच खाली ठेवली. दुसरी लोखंडी, उंच, नखऱ्याची. बोटानं जरा ढकलली तर कलंडली. तिसरी पितळेची, बसकी, तांब्यासारखी गोल. रंग उडालेला, एका अंगाला पोचा आलेला. हातात घेतली तर चांगली जड! दांडा काढून सूर्याकडं धरला. आरपार उजेड!

"पाणी आण," म्हटलं. गोरोबानं आपल्या बाटलीतलं ओतलं. आता ओढून बघायचं. भर बाजारात! मी, जिल्हा परिषदेची शिक्षिका, कपाळाला कुंकू, खांद्याला पर्स. डोळे मिटले, नळी तोंडात धरली आणि जोरात —

फुंकलं!

दांड्यातून पाण्याचा फवारा वर उडाला तो थेट गोरोबाच्या पटक्यावर! "आवं ताई, फुकायची न्हाय, वढायची!" सगळा बाजार हसला. मी पण हसले, काय करणार!

पुन्हा पाणी, पुन्हा नळी. या वेळी ओढलं. गुड. गुडगुड. गुडगुडगुड! खरं सांगते, ज्या आवाजाचा उभा जन्म राग केला, तो मी स्वतः काढत होते आणि थांबवत नव्हते! तेवढ्यात मागून, "बाई? तुमी बी?" वळून बघते तर मथुराबाई. हिची दोन्ही पोरं माझ्या हाताखाली शिकली, मी इकडं बदलीवर होते तेव्हा. मी घाईघाईनं म्हटलं, "तब्येतीसाठी!" त्यानं तर आणखीच घोटाळा झाला. "व्हय का," म्हणाली आणि गेली. आता तालुक्यात पसरायला दुपार पुरे.

मग तळव्यानं भोक दाबून ओढलं. सांध्यातून बारीक फुस्स. पदराचं टोक ओलं करून गुंडाळलं, आवाज बंद. पास!

गोरोबानं विचारलं, "तंबाकू कोणती वढत्यात वडील?" म्हटलं, तंबाखू नाही, नुसतं पाणी. तो म्हणाला, "मंग तांब्याच न्या की, सस्त पडंल!" पण मनानं चांगला. घासाघीस केली नाही, आणि भाऊंचं ऐकल्यावर म्हणाला, "गुण आला तर सांगा बरं का. म्याबी दम्याचा हाय."

परतीच्या गाडीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "देवाचं का?" मी म्हटलं, हो.

२७ नोव्हेंबर

चिंचेनं घासली, सोड्याच्या पाण्यात दोनदा उकळली. आतून कल्हई करून आणली, चांदीसारखी चमकते! नळी कोरी, रबराची. डॉक्टरांनी टॉर्च मारून आत बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या दवाखान्यातली भांडी इतकी स्वच्छ नाहीत." उद्या!

२८ नोव्हेंबर

आज ओढली!

भाऊंनी मला हातच लावू दिला नाही. स्वतः पाणी ओतलं, बोट बुडवून माप बघितलं, चमचाभर कमी केलं. सांध्याला ओलं फडकं असं झरझर गुंडाळलं की मी बघत राहिले. थरथरणारा हात तेवढ्यापुरता थरथरायचाच थांबला! पण नळी तोंडाशी नेली तेव्हा अडखळले. आधी दातात धरली, मग ओठात, मग आमच्याकडं बघून लाजले. इतक्या वर्षांत सवय मोडली असणार.

पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा एक बुडबुडा. तिसऱ्यांदा गुड... गुड... आणि ठसका. डॉक्टर पुढं झाल्या, पण भाऊंनी हातानं थांबवलं. ते हसत होते. डोळ्यांत पाणी आणि हसत होते!

दहा वेळा ओढून झाल्यावर आकडे मोजले. सात. एकच वाढला, पण वाढला!

१ डिसेंबर

नऊ. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा, सांगावं लागत नाही. शेजारच्या वैजनाथकाकांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "मास्तरांनी पुन्हा सुरू केली व्हय?" भाऊंनी ऐटीत मान हलवली. या वयात बदनामीची हौस!

४ डिसेंबर

पौर्णिमा. गल्लीभर गाड्या, दर्शनाला आलेली माणसं, दूधवालासुद्धा उशिरा पोचला. आणि इकडं बारा! बारा आकडे!

आज जवळ बसून विचारलंच. भाऊ, मी तेव्हा ती टाकायला लावली, तुम्हाला राग आला होता का? ओढता ओढता ते थांबले. नळी खाली ठेवली. मग म्हणाले, "श्वास पुरू दे... मग सांगतो. मध्ये थांबून... सांगण्यासारखं नाही."

काय सांगणार? रागावणारच. रागावू देत, मी ऐकून घेईन. एका दमात रागावले तर पेढे वाटीन!

८ डिसेंबर

पंधरा!!! श्रियानं मोजले, मग मी मोजले, मग डॉक्टरांनी येऊन घड्याळ धरलं. पंधरा! छातीला स्टेथोस्कोप लावून डॉक्टर म्हणाल्या, खाली हवा पोचतेय. सोलापूर टळलं. मी त्यांना मिठीच मारली. त्या अवघडल्या, पण सोडलं नाही मी.

९ डिसेंबर

भाऊ आज बोलले. एका श्वासात, कुठंही न थांबता. "नीले, मी जन्मात कधी गुडगुडी ओढली नाही, मी फक्त भरून द्यायचो, ओढायची तुझी आई, आणि बाईमाणसाला लोकांनी जगू दिलं नसतं म्हणून मी नाव माझं सांगितलं."

पाहुणे यायच्या त्या दिवशी मला साडी आईनंच नेसवली होती. एकेक निरी नीट बसवली आणि एक अक्षर बोलली नाही.