काळटोप्याच्या पोटावरच्या रेघा

३ मार्च

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? जावईबापूंची पाठ काय म्हणते? धाकटीला दात आले का? इकडे माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. तुझी काकू जाऊन सहा आठवडे झाले. रडू येत नाही. दुकान उघडतो, घड्याळं दुरुस्त करतो, ती चालतात.

पत्राचं कारण वेगळं. तू संग्रहालयात पाखरांच्या खात्यात, म्हणून विचारतो. पाखरं ओळखून वहीत टिपायची आमची रीत तुला ठाऊक आहे. काकूच्या डोळ्यांत मोतीबिंदू, माझ्या कानांपर्यंत बारीक सूर पोचत नाहीत. दोघं मिळून एक धड माणूस. ती ऐकणार, मी बघणार, आणि जुळलं तरच पक्क्या वहीत नोंद. गेल्या वर्षी मागच्या कुंपणावर एक पाखरू यायचं. ती म्हणे, भुरका गातोय. मी म्हणे, अगं, डोक्यावर काळी टोपी आहे, हा काळटोप्या. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, टोपी काय, कुणीही घालतं. शेवटी मी हट्टाने कच्च्या वहीतल्या तिच्या अकरा नोंदी लाल शाईनं खोडल्या.

काल ते पाखरू परत आलं. मी खोडलं ते चुकलं का, एवढंच सांग.

तुझा काका

१२ मार्च

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

खोकला गेला. ह्यांची पाठ तशीच. धाकटीला दोन दात आले, पहिला चावा बापालाच.

काका, घड्याळातला केसाएवढा काटा दिसतो तुम्हाला, मग पाखराचं पोट कसं नाही बघितलंत? काळटोप्याचं पोट पांढरं स्वच्छ, भुरक्याच्या पोटावर रेघा. नुसत्या गाण्यावरून ठरत नाही, पाखरं शेजाऱ्याचं गाणंही उचलतात. पंखावरची पट्टीही बघा. काळटोप्याची रुंद असते, भुरक्याला नसतेच. दोघांच्या खुणा एकाच अंगावर सापडल्या, तर ते दोन्ही जातींचं मिश्र पिल्लू. फार दुर्मीळ; आमच्या कपाटात असा एकच नमुना आहे.

मीही अजून रडलेले नाही. रडू आलं नाही म्हणून माया आटली असं होत नाही.

तुमची छकुली

२० मार्च

चि. छकुलीस आशीर्वाद.

तीन सकाळी कुंपणापाशी स्टूल टाकून बसलो. टोपी काळी. पोटावर रेघा आहेत. पंखावर पट्टी आहे, पण निम्मीच. रेघा मला गेल्या वर्षीही दिसल्या होत्या, पोरी. मळ समजून सोडून दिल्या. घड्याळजीची खोड, काचेवर डाग दिसला की पुसून मोकळं व्हायचं.

म्हणजे ती बरोबर होती, मीही होतो, आणि वर्षभर भांडलो एकाच पाखरावरून.

पक्की वही काढली. आधी तिच्या अकरा नोंदी तारखांसकट उतरवल्या, खाली माझी. जुळलं असं लिहिलं. पेन बंद केलं. चहा दोन कप केला होता, दोन्ही गार झाले.

पाखरू अजून येतं. चोच उघडते, गळा थरथरतो, मला काहीच ऐकू येत नाही. वहीत गाण्याचा रकाना कोरा आहे. काकूनं नुसतं 'भुरका' लिहिलंय, कसं गातं ते लिहिलेलं नाही. चार दिवस येऊन जा आणि ऐकून सांग. ते उडून जायच्या आत ये. कधी येतेस ते लगेच कळव.

तुझा काका