यादीतले दोन कंट्रोलर

२ फेब्रुवारी

आले एकदाची! तीन खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, उजेडच उजेड. बाई गं, या वयात नवा संसार! ह्यांची लेक ठमी नऊ वर्षांची. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली. दिवसभरात पोरगी माझ्याशी चार शब्द बोलली, त्यातले दोन ‘नको’ होते. बाकी वेळ कॉम्प्युटरवर एकटीच गाड्यांची शर्यत खेळत बसते. या घरात मला दुसरं काही नको. हिनं मला आपलं म्हणावं, एवढंच.

५ फेब्रुवारी

ठमीचा कंट्रोलर वायरीचा. मी माझ्यासाठी बिनवायरीचा आणला. दुकानदार जोडायचं कसं ते शिकवायला निघाला होता. म्हटलं, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याची लेक आहे मी! दोन बटणं एकदम दाबून धरली, दिवा लुकलुकला, पडद्यावरच्या यादीत ‘वायरलेस कंट्रोलर’ असं नाव आलं. झालं काम. माझी गाडी अकरा वेळा भिंतीवर आपटली. ठमी पोट धरधरून हसली, म्हणाली की काकूंपेक्षा म्हैस बरी चालवेल. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं, आनंदानं.

८ फेब्रुवारी

आज शर्यतीत तिसरी गाडी. यादीत बघते तर ‘वायरलेस कंट्रोलर’ दोन, आणि दोन्ही चालू. ह्यांना विचारलं. म्हणाले की अगदी असलाच तिच्या आईचा होता. ठमीनं हट्ट धरला म्हणून चितेवर तिच्यासोबतच ठेवला. यादीत जुनं नाव राहिलं असेल, म्हणाले. नाव राहील हो, गाडी कोण चालवतंय?

९ फेब्रुवारी

तिसरी गाडी ठमीसाठी थांबते. मला मात्र ढकलून खड्ड्यात घालते. ठमी आता सोफ्यावर माझ्यापासून लांब सरकून बसते, मधे एका माणसाची जागा सोडून. मला धडकी भरलीय.

१० फेब्रुवारी

ठमी शाळेत. यादी उघडली. दोन्ही नावं सारखीच. आधी माझा कंट्रोलर बंद करून बघावं, एवढंही सुचलं नाही. अक्कल शेण खायला गेली होती. वरचं नाव निवडलं. काढून टाकायचं का, असं विचारलं. हो म्हटलं.

माझ्या हातातला दिवा विझला. हात्तिच्या, आपलाच काढला!

११ फेब्रुवारी

ह्यांनी दोन कप चहा केला. एक स्वतःला. एक सोफ्यावरच्या त्या जागेपुढे ठेवला. मी हाका मारल्या, ह्यांनी मान वळवली नाही. ठमीनं दप्तर काढून माझ्या मांडीवर टाकलं, खुर्ची रिकामी असल्यासारखं. मी ओरडले. दोघांनाही काही—

संध्याकाळ

परत जोडतेय. एका हातानं बटणं दाबून धरलीत, दुसऱ्यानं लिहितेय. दिवा लुकलुकतोय— आलं, पडद्यावर आलं. नवीन कंट्रोलर, जोडू द्यायचा? हो. नाही.

माउस ठमीच्या हातात. ती मधल्या जागेकडे वळून विचारतेय, आई, हे कोण गं?

ठमी ऐकतेय— मान डोलावली— बाण ‘नाही’कडे नेतेय—

ठमे, बाळा, हो दाब. हो! अगं, काकू आहे मी, का—