दादा, तू पेलेला नव्हता

प्रिय दादा,

काल बुलडाण्याहून डॉक्टरचा कागद घेऊन आलो, तवापासून घास उतरला नाही. सांगायचं कोणाले? ज्याले सांगायचं तो तर गेला! म्हणून तुले लिहून राह्यलो.

मले चक्कर येऊन राह्यली होती. मानेची सोनोग्राफी केली, डोक्याचा एमआरआय केला. मानेतून डोक्याले रक्त नेणारी मोठी नस आतून थर जमून सुजली हाये, म्हणे. आन मेंदूतल्या केसावानी बारीक नसा जागोजाग खराब झाल्या. डॉक्टर म्हणाले, "हे दोन्ही बऱ्याचदा सोबत सापडतं. पण सुजेमुळेच बारीक नसा बिघडतात, असं अजून ठामपणे सांगता येत नाही." मी पुसलं, अशा माणसाचं पुढं काय होते? तर पावलं बारीक पडतात, तोल जाते, साध्या कामाचा क्रम हुकते.

दादा, ते माह्याबद्दल बोलत होते, आन मले तूच दिसत होता!

देऊळघाटच्या वावरात मेथीले पाणी देत होता तू. एक वाफा भरला का फावड्यानं माती ओढायची, पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. जलमभर तेच केलं तुनं. त्या दिवशी मेथी पार बुडाली, आन तू धुऱ्यावर डोलत उभा! मी ओरडलो, "काय बे, सकाळी सकाळीच टाकून आला काय?" मोठ्या भावाले बे म्हणालो मी! तण निंदणाऱ्या बाया पाहून राह्यल्या होत्या. तू नुसता म्हणाला, "कोणता वाफा झाला, तेच ध्यानात येऊन नाही राह्यलं रे."

तिथंच थांबायचं ना म्या! घरी जाऊन वैनीले सांगतलं, दादा लपूनछपून दारू पेते. काऊन सांगतलं? वास आला होता काय मले? नाही. मेथीचा राग होता फक्त.

वैनीनं तुह्याशी बोलणं टाकलं. तू पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तर वैनी म्हणे, "बेवडे अशाच शपथा खातात." मी बाजूलेच चहा पेत होतो. तू माह्याकडं पाह्यलं. मी बशीत पाहत राह्यलो.

तूबी काऊन नाही भांडला? दोन कानाखाली द्यायच्या होत्या! बीडी सुटत नव्हती तुही, आन रक्तदाब तर आपल्या घरी कोणी मोजलाच नाही कधी. तुह्या डोक्याचा फोटो कोणी काढला नाही, तवा तुले हेच होतं का, ते डॉक्टरलेबी सांगता येत नाही. पण तू पेलेला नव्हता, हे मले तवाबी ठाऊक होतं.

झटका येऊन तू गेला, त्याले दोन वर्षं झाली. आल्यागेल्याले वैनी अजून सांगते, "पेले नसते तर जगले असते." हे तिच्या तोंडात म्या घातलं, दादा. दुखण्याचं भेव वाटतेच, खोटं काऊन बोलू? गोळ्या चालू केल्या, बीडी फेकली. पण डोक्यानं दगा द्यायच्या आधी हे बोलून टाकायचं हाये. माह्या ध्यानातून गेलं, तर तुह्यावरचा डाग पुसणार कोण?

उद्या सकाळी वैनीपुढं बसतो आन सांगतो, वैनी, मी खोटं बोललो. मग ज्या ज्या बायांपुढं तुले बोललो, त्यायच्या दारी जातो. वैनी मले घराबाहेर काढीन. काढू दे! तुह्यासाठी ती एकदाही मोकळी रडली नाही, दादा. उद्या रडीन ती.

तुहा गुन्हेगार, लहाना भाऊ
रमेश