एकोणीस टक्के

११ जानेवारी, सोमवार

"वेगळी चूल कशाला मांडतेस?" — साहेब.

म्हणे कशाला! नऊ वर्षं तुमच्या चुलीत फुंकर घालून डोळे चुरचुरायला लागले, म्हणून! हे अर्थात मनात. तोंडाने एवढंच म्हणाले, "सर, अर्ज करायची ही शेवटचीच संधी आहे."

आहेच शेवटची. पार्किन्सनवर स्वतःचा संशोधन गट पहिल्यांदा उभा करणाऱ्यांसाठी फेलोशिप. पाच वर्षं, एक खोली, दोन माणसं आणि दारावर माझं नाव. अट अशी की पीएचडी होऊन दहा वर्षांच्या आत अर्ज करायचा. मला नऊ वर्षं दहा महिने झालेत. अर्जाची मुदत वीस फेब्रुवारी. पुढच्या वर्षी मी शिळी!

साहेबांनी चष्मा पुसला. चष्मा पुसतात म्हणजे नाही म्हणायचं असतं. "कर अर्ज. पण मरणाऱ्या पेशींचा प्रकल्प प्रयोगशाळेचा आहे. तो तुला नेता येणार नाही."

प्रयोगशाळेचा म्हणजे त्यांचा. रात्रंदिवस राबून त्यातले चार पेपर मी लिहिले, ते कोणाचे?

१२ जानेवारी

ठेवा तुमचा प्रकल्प! लोणचं घाला त्याचं.

१९ जानेवारी

आठवडाभर चिडचिड केली, आता डोकं थंड आहे. लिहून ठेवते, म्हणजे अर्जात उतरवायला सोपं जाईल.

मेंदूच्या तळाशी एक काळपट ठिपका असतो. तिथल्या पेशी मरत जातात, मग हात थरथरतात, पाऊल उंबऱ्याशी अडकतं, चेहरा हसेनासा होतो. जगभर सगळे विचारतात, या पेशी मेल्या कशा? पण त्यांच्याच शेजारी, त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या काही पेशी ठणठणीत असतात. त्यांना कोणी विचारत नाही, बायांनो, तुम्ही टिकलात कशा? एका घरात साथ आली आणि शेजारचं घर वाचलं, तर शहाणा माणूस शेजारच्या घरी जाऊन विचारेल की नाही?

टिकलेल्या पेशींमध्ये एक प्रथिन भरपूर असतं. मी त्याला राखणदार म्हणते. दोन वर्षांपूर्वी शनिवारी-शनिवारी येऊन मी चोवीस आजारी उंदरांवर प्रयोग केला होता. बारांना जास्तीचा राखणदार टोचला, बारांना नुसतं मिठाचं पाणी. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "पोरखेळ." मग ते काम तसंच राहिलं. मेंदूचे काप ताईंनी फ्रीजमध्ये जपून ठेवलेत. ताई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ. सव्वीस वर्षं इथे आहेत, साहेबांच्याही आधीपासून.

पोरखेळ म्हणालात ना? मग तो माझा! आता नेऊ दे.

२ फेब्रुवारी

मोजणी चालू आहे. मेंदूच्या कापाची काच ठेवायची, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, जिवंत पेशी दिसली की हातातला काउंटर दाबायचा. टिक. टिक. एका उंदराला तीन-तीन तास.

कुठली काच कोणत्या उंदराची, हे मला माहीत नाही. माहीत असताच कामा नये. नाहीतर मन हवं तेच मोजतं. म्हणून ताईंनी काचांवर नुसते आकडे टाकलेत आणि कोणता आकडा कोणत्या उंदराचा याची यादी लिफाफ्यात बंद करून, चिकटवल्या जागी सही करून, आपल्या खणात ठेवली आहे. सगळे चोवीस मोजून झाले की मगच फोडायचा. हा नियम देवळात चपला काढण्याइतका साधा आहे. कोणी शिकवावा लागत नाही.

सासूबाईंना शेजारणीने विचारलं, सून काय करते? सासूबाई म्हणाल्या, "मोजते." कशाला, काय, पुढे काही नाही. शेजारीण बिचारी मला आता बँकेत समजते.

९ फेब्रुवारी

फोडला.

असं झालं. ताई चार दिवस रजेवर, बहिणीकडे. सतरा उंदीर मोजून झाले होते, सात राहिले होते. अर्जात आलेख कसा बसेल ते पाहायचं होतं. नुसतं बसतो का ते! असं स्वतःला सांगितलं. खण उघडाच असतो. म्हटलं, या सतरांचीच यादी बघू, बाकीच्यांवर हात ठेवू.

हात ठेवलाही. पण कागद एकच, आणि मी काही आंधळी नाही.

मग राहिलेले सात मोजायला घेतले.

१२ फेब्रुवारी

एक्केचाळीस टक्के! राखणदार टोचलेल्या उंदरांत एक्केचाळीस टक्के जास्त पेशी जिवंत!! आलेख असा दिसतोय की कोणी शिकवणीसाठी काढलेला वाटावा. नवरा शाळेत भूगोल शिकवतो, त्यालाही कळला. म्हणाला, "फ्रेम करू का?"

साहेबांच्या टेबलासमोरून मुद्दाम कागद हातात घेऊन गेले. पोरखेळ बघा तुमचा.

१३ फेब्रुवारी

ताई परत आल्या. अकरा वाजता माझ्या टेबलाशी येऊन लिफाफा ठेवला. फाडलेली कड माझ्याकडे.

"यावर सही माझी होती."

मी म्हटलं, "ताई, मी फक्त सतरांचं बघितलं."

"डोळा काय सतरांपुरताच उघडला?"

ताईंनी आवाज चढवला असता तर भांडता आलं असतं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि वहीतले शेवटचे सात आकडे बोटाने एकेक दाखवत गेल्या. पहिल्या सतरांत फरक चोवीस टक्क्यांचा. शेवटच्या सातांत ब्याऐंशी टक्क्यांचा. उंदीर तेच, औषध तेच, काचा त्याच. बदलली होती ती मी. जिथे हवं होतं तिथे अर्धवट पुसट पेशीसुद्धा जिवंत धरली आणि जिथे नको होतं तिथे चांगली पेशीही सोडून दिली. आणि मला जराही कळलं नाही. खोटं बोलताना माणसाला निदान माहीत असतं!

घरी येऊन भांडी आपटली. नवरा आज आपणहोऊन भाजी निवडायला बसला.

१४ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं. कोणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

हसले. नऊ वर्षांत माझ्याकडे बघून इतकं मायेने हसलेले मला आठवत नाहीत. "अगं, सगळेच डोकावतात. एवढं काय मनाला लावून घेतेस? सहा दिवस राहिलेत. आकडा आहे तसा जाऊ दे."

मी म्हटलं, "आणि खरा किती आहे?"

"तो पुढे कळेलच. आधी फेलोशिप तर मिळव."

या माणसाने मला इथून एक टाचणी न्यायला मनाई केली. आणि खोटं मात्र मोकळ्या हाताने देऊ करतो! नको. तुमचं काहीच नको, हे तर मुळीच नको.

१५ फेब्रुवारी

सगळ्या चोवीसांना पुन्हा नवे आकडे. माझ्या काचांची यादी या वेळी खणात नाही, त्यांच्या पर्समध्ये, आणि पर्स त्यांच्या घरी. "आता चोरी करायची तर माझ्या सासऱ्यांशी गाठ आहे," म्हणाल्या.

चार दिवसांत चोवीस मोजायला मी एकटी पुरणार नाही. बारा ताई मोजणार, बारा मी. ताईंनी माझ्या काचांना आकडे दिले, मी त्यांच्या. दोघी पाठीला पाठ लावून. टिक. टिक. बोलायचं नाही, उसासा टाकायचा नाही. उसाशावरूनही कळतं म्हणतात.

सासूबाईंनी डबा पाठवला. चिठ्ठी: "नीट मोज."

१९ फेब्रुवारी

एकोणीस.

एक्केचाळीस नाही. एकोणीस टक्के. स्वच्छतागृहात जाऊन पाच मिनिटं रडले. तिथला पंखा फार आवाज करतो, सोयीचं आहे.

मग अर्ज उघडला. आलेख बदलला. तो आता शिकवणीचा वाटत नाही, खरा वाटतो, म्हणजे बारीक आणि थोडा वेडावाकडा. खाली एक वाक्य घातलं: पहिली मोजणी रद्द केली आहे, कारण काही काचा मोजण्याआधी मी यादी पाहिली होती.

नवऱ्याने वाचलं. "हे वाक्य लागतंच का? मोजलंस ना पुन्हा? मग पहिल्याचं कशाला उकरायचं?"

"लागतं."

"परीक्षक हेच धरून बसतील."

"बसू देत."

"मग दहा वर्षं संपतील गं."

तो माझ्याच काळजीने बोलतोय, कळतंय मला. म्हणूनच जास्त राग आला. उद्या अकरा वाजता पाठवणार. वाक्यासकट.

६ एप्रिल

मुलाखतीला बोलावलंय!!! अठ्ठ्याण्णव अर्जांतून नऊ जण.

साहेबांनी लिफ्टमध्ये अभिनंदन केलं आणि दुसऱ्या मजल्यावर उतरले. त्यांची खोली चौथ्यावर आहे.

२४ एप्रिल

लगेच लिहिते, नाहीतर उद्या मी स्वतःलाच जास्त हुशार करून ठेवीन.

लांबट टेबल, पलीकडे पाच जण. चार शास्त्रज्ञ, पाचवे एक रुग्ण. फेलोशिप देणारं हे फाउंडेशन दर निवडीला एका पार्किन्सनच्या रुग्णाला बसवतं आणि त्यांचं मत बाकीच्यांइतकंच धरतं. हे गृहस्थ निवृत्त घड्याळजी. उजवा हात टेबलाखाली धरलेला, तरी टेबलावरचा पेला बारीक वाजत होता.

अध्यक्षांनी पहिलंच विचारलं, "घरात कोणाला हा आजार आहे का?"

"नाही."

"मग याच विषयाकडे कशा वळलात?" चेहऱ्यावर अशी दया, जणू मी काही लपवतेय! प्रत्येक ठिकाणी हेच. एखादे थरथरते वडील असल्याशिवाय बाईला मेंदूबद्दल कुतूहल वाटूच नये?

म्हटलं, "आग विझवायला जाणाऱ्याचं घर आधी जळलेलं असावं लागतं का, सर?"

बोलून बसले आणि पायाखालची फरशी थंड झाली. पण घड्याळजी खदखदून हसले. हसू चेहऱ्यावर नीट येत नव्हतं, खांद्यांवर आलं.

दुसऱ्यांनी विचारलं, जुन्या प्रयोगशाळेचा प्रकल्प वजा केला तर तुमच्याकडे राहतं काय? म्हटलं, "एक प्रश्न आणि एकोणीस टक्के." त्यांनी ते लिहून घेतलं. चांगलं की वाईट, देव जाणे.

शेवटी घड्याळजी. शब्द सावकाश, आवाज खाली, सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "तुम्ही यादी बघितलीत हे लिहिलंय. लिहिलं नसतंत तर कोणाला कळलं असतं?"

"आमच्या ताईंना."

"त्या सांगायला आल्या असत्या?"

"नाही. पण रोज समोर बसल्या असत्या."

ते म्हणाले, "माझ्याकडे घड्याळं यायची. पुष्कळदा आधी दुसऱ्या कोणीतरी उघडून बिघडवलेली. गिऱ्हाइकाने सांगितलं तर तासाभरात काम व्हायचं. लपवलं तर माझा दिवस जायचा." पुढे म्हणाले, "माझ्याकडे आता फार दिवस नाहीत. तुमचं औषध माझ्या कामाचं नाही, मला माहिती आहे. पण माझे दिवस फुकट घालवू नका."

बाहेर आले. मान ताठ होती, जिन्याच्या आरशात पाहिली.

१७ मे

मिळाली!!!!

१८ मे

काल एवढंच लिहिता आलं. आज व्यवस्थित.

परीक्षकांचं मत तीन विरुद्ध दोन. म्हणजे दोघांना मी नको होते. असू दे, जन्मभर त्यांची आठवण ठेवीन.

साहेबांकडे गेले. चष्मा पुसत म्हणाले, "काय काय नेणार इथून?"

"ताईंना."

पुसणं थांबलं. ही गोष्ट त्यांच्या यादीत नव्हती.

ताईंना मात्र मी अजून विचारलंच नव्हतं! भिंतीलाही कान असतात. त्या तासाभरात माझ्यासमोर उभ्या. "परस्पर ठरवलंस? मी काय फ्रीज आहे?" चूक झाली म्हटलं. नीट विचारलं, येता का? म्हणाल्या, "तुझ्यावर नजर ठेवायला कोणीतरी हवंच. टेबल खिडकीपाशी पाहिजे."

सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, सुनेला आता मोजायला माणसं मिळाली.

३ सप्टेंबर

नवी संस्था, नवी खोली. आधी इथे मोडक्या खुर्च्या ठेवायचे. तीन दिवस ताई, मी आणि नवी विद्यार्थिनी, तिघी घासतोय. दारावर नाव लागलं. थोडं तिरकं आहे. नवरा सरळ करायला आला, मी हात लावू दिला नाही.

राखणदाराचं काम आता मोठ्या प्रमाणात करायचं. चोवीस उंदरांवर कोणी घर बांधत नाही. साठ घेणार.

११ नोव्हेंबर

परिषदेत साहेब भेटले. चारचौघांत म्हणाले, "ही माझ्याच हाताखाली तयार झाली." मी म्हटलं, "हो सर, आणि हाताबाहेर गेले." सगळे हसले. तेही हसले, उशिरा.

२६ फेब्रुवारी

साठ उंदीर. तीन मोजणाऱ्या, एकीचे आकडे दुसरीला माहीत नाहीत. आज सकाळी लिफाफा तिघींसमोर फोडला.

फरक नाही. एकोणीस नाही, नऊ नाही, काहीच नाही. राखणदार काही राखत नाही.

विद्यार्थिनी रडायला लागली. ताईंनी काचा डब्यात भरायला घेतल्या. मी विद्यार्थिनीला म्हटलं, तोंड धुऊन ये, लिहायला बसायचंय.

दुपारी फाउंडेशनला कळवलं. पहिलंच वाक्य: ज्या कल्पनेवर तुम्ही मला निवडलंत, ती चुकीची निघाली. माझ्या एकटीच्या सहीने बाहेर गेलेला हा माझा पहिला निकाल.